आजचा भाव वाचून उद्याचा पेरा होतो, म्हणून बाजारभाव नीट छापावेत

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

विषय : दसरा-दिवाळीच्या दिवसांतील भाजीपाला व फळांचे भाव आणि त्यांच्या बातम्या

पितृपक्ष लागला की 'पालेभाज्या कडाडल्या' असा मथळा ठरलेलाच. संक्रांतीच्या आगेमागे त्याच पानावर बांधावर ओतलेल्या टोमॅटोचा, नाहीतर मेथीच्या वाफ्यात सोडलेल्या जनावरांचा फोटो येतो. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. पण पहिलीतूनच दुसरी तयार होते, आणि त्यात भाव छापण्याच्या पद्धतीचाही वाटा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. मळा आणि मंडई या दोन्ही ठिकाणचा व्यवहार जवळून पाहणाऱ्या वाचकांचे हे पत्र आहे. थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

भाव चढतो का, ते आधी पाहू. मराठवाड्यात ऑक्टोबर म्हणजे दोन हंगामांमधली फट. जून-जुलैत लावलेले दोडका, कारले, गिलके, काकडीचे वेल तोवर थकलेले असतात. बुडाची पाने करपलेली, वर भुरी, फळ वाकडे आणि अर्धेच भरलेले. भेंडीत पांढरी माशी हळद्या रोग पसरवते आणि शिरा पिवळ्या पडल्या की फळही पिवळट, दोरेदार निघते. (या रोगाला सहसा बळी न पडणारा 'परभणी क्रांती' वाण परभणीच्या आपल्याच कृषी विद्यापीठाने ऐंशीच्या दशकात दिला. आता बहुतेकांच्या रानात संकरित बियाणे आहे, तो भाग वेगळा.) दुसरीकडे हिवाळी माल अजून वाफ्यातच असतो. फुलकोबीचे रोप वाफ्यात २५-३० दिवस काढते आणि लावणीनंतर गड्डा भरायला वाणाप्रमाणे ७० ते ९० दिवस घेते. गणपतीत टाकलेल्या रोपाचा गड्डा डिसेंबरात मिळतो. दसऱ्याच्या बाजारातली फुलकोबी म्हणून पिवळसर, सैल आणि लव आल्यासारखी दिसते. उन्हाच्या तडाख्यात ती तशीच होणार, त्यात विक्रेत्याचा दोष नाही.

पालेभाजीचा हिशेब त्याहून सरळ आहे. मेथी आणि पालक पेरणीपासून ३०-३५ दिवसांत काढणीला येतात, कोथिंबीर ४०-४५ दिवस घेते. म्हणजे दसऱ्याला मंडईत येणारी जुडी भाद्रपदात पेरलेली असते. भाद्रपदात आपल्या काळ्या रानाला कित्येकदा पंधरा-पंधरा दिवस वाफसा (पेरणीजोगी, ना चिखल ना कोरडी अशी ओल) येत नाही. पाणी साचलेल्या वाफ्यात मेथी मुळापासून कुजते आणि कोथिंबिरीचे बी वर येण्याआधीच सडते. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, गोदावरी पात्राबाहेर आल्या, तेव्हा काठचे मळे वाहून गेलेले सगळ्यांनी पाहिले. वाहून गेलेले रान फोटोत दिसते. नुसता चिखल राहून पेरा हुकलेले रान फोटोत दिसत नाही, आणि दसऱ्याची टंचाई बरीचशी तिथूनच येते. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडून निघतो. तो गेल्यावर केलेला पेरा दिवाळीनंतर किंवा त्याच्याही पुढे हाताशी येतो. त्याआधी पालेभाजी स्वस्त होण्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक कारण बातम्यांत जवळजवळ येतच नाही, ते म्हणजे मजूर. भेंडी आणि गवार दिवसाआड तोडावी लागते. नेमकी त्याच पंधरवड्यात सोयाबीनची काढणी निघते आणि कापसाची पहिली वेचणी सुरू होते. सोयाबीन काढणीचे गुत्ते (उक्ते काम) घेतले की हातात एकदम पैसे पडतात, मग गवारीच्या शेंगा मोजत दिवसभर वाकायला कोण येणार? दोन तोड्या चुकल्या की भेंडी निबर होते. घेताना तिचे टोक मोडून पाहावे. कट्कन तुटले तर कोवळी, नुसते वाकले तर राहू द्यावी. दिवाळीनंतर बीड, पाटोदा, धारूर भागातल्या टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मजुरांची ओढ वाढते. गवारीचा भाव थंडीतही फारसा उतरत नाही, कारण तोडणीची मजुरी तीच राहते आणि गारठ्यात तिची वाढही खुंटते. ज्या घरात बजेट बघून भाजी येते तिथे या दिवसांत गवारीऐवजी लाल भोपळा, वांगी, मुळा घ्यावा. करडईची कोवळी भाजी नोव्हेंबरअखेर बाजारात दिसू लागते आणि ती बहुधा परवडते, कारण दाट उगवलेल्या करडईची विरळणी करायचीच असते.

आता मंडईतला भाव आणि दारावरचा भाव. या दोहोंतली तफावत पाहून विक्रेता लुटतो असा समज होतो. एक उदाहरण मांडतो, आकडे केवळ समजण्यापुरते. हर्रासात, म्हणजे मंडईतल्या लिलावात, मेथी बाराशे रुपये शेकडा सुटली, म्हणजे जुडी बारा रुपयांना पडली. हमाली आणि रिक्षा मिळून शंभर धरा. शंभर जुड्यांमागे तेराशे गेले. पावसाळी ओल्या मालातल्या वीस जुड्या दुपारपर्यंत काळ्या पडतात. संध्याकाळी उरलेल्या पंधरा दहा रुपयांप्रमाणे फुंकाव्या लागतात, त्याचे दीडशे आले. मधल्या पासष्ट जुड्या वीसने विकल्या तर तेराशे येतात. एकूण साडेचौदाशे, आणि हाती राहिले दीडशे. पंचवीसने विकल्या तर पावणेपाचशे राहतात. बाराची जुडी पंचवीसला का, याचे उत्तर त्या वीस काळ्या जुड्यांत आहे. डिसेंबरात शंभरात पाच-सातच वाया जातात, म्हणून तेव्हा मंडई आणि दार यांतली फटही आपोआप कमी होते.

गिऱ्हाईकानेही थोडे बघून घ्यावे. पावसाळी मेथीची जुडी वरून हिरवीगार दिसते आणि नासाडी सुतळीखाली असते. बांधलेल्या ठिकाणी बोट घालून पाहावे. चिकट लागले, आंबूस वास आला, तर ती रात्रीपर्यंतही टिकणार नाही. जुडी एकदा झटकावी. पाणी फार उडाले तर वजन पाण्याचेच आहे. घरी नेल्यावर सुतळी सोडून, पसरून, पाणी सुकवून मगच कोरड्या कापडात गुंडाळावी. बांधलेली जुडी धुऊन फ्रीजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी टाकावी लागते, आणि मग महागाईच्या नावाने बोटे मोडली जातात.

खरा घोळ मापात आहे. मेथी-कोथिंबीर शेकड्याने, टोमॅटो कॅरेटने, कांदा क्विंटलने, फुलकोबी कुठे गड्ड्यावर तर कुठे किलोवर विकली जाते. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये वीस ते पंचवीस किलो माल बसतो. वीस आणि पंचवीस यात चौथाईचा फरक आहे, तरी बातमीत 'कॅरेट चारशे' एवढेच येते. वीस किलोने किलोचा भाव वीस रुपये होतो, पंचवीसने सोळा. फुलकोबीत पाल्यासकट तोललेला आणि पाला काढलेला असे दोन भाव असतात. कोथिंबिरीची जुडी महागाईत मुठीएवढी बारीक होते, म्हणजे भाव दिसतो त्याहून जास्त चढलेला असतो. राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे आकडे असतात. पण तिथेही पालेभाजी एका बाजारात नगावर आणि दुसऱ्या बाजारात क्विंटलवर दिलेली असते. बातमीत बहुधा त्यातला कमाल आकडा उचलला जातो. कमाल भाव पहाटेच्या हर्रासातल्या दोन-चार निवडक लॉटला मिळतो. उजाडल्यावर आलेला, थोडा डागी माल त्याच्या निम्म्यानेही जातो. ज्या शेतकऱ्याच्या पट्टीवर (आडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबावर) निम्मा भाव लिहिलेला असतो त्याला पेपर खोटा वाटतो, आणि ज्याने माल आणलाच नव्हता तो पेपर खरा मानून बियाणे आणायला निघतो.

इथेच पुढच्या पडझडीचे मूळ आहे. ऑक्टोबरात कोथिंबिरीचा भाव छापून येतो, विहिरी काठोकाठ असतात, रान वाफशावर असते. एकाच आठवड्यात गावेच्या गावे कोथिंबीर टाकतात. थंडीत उगवण चांगली होते, रोग कमी, आणि दीड महिन्याने सगळ्यांची कोथिंबीर एकदमच काढणीला येते. टोमॅटोचेही तेच, फक्त मुदत लांब. लावणीपासून साठ-पासष्ट दिवसांनी पहिला तोडा आणि पुढे दोन-अडीच महिने माल चालू. ऑक्टोबरच्या भावावर लावलेला टोमॅटो जानेवारी-फेब्रुवारीच्या भावात विकावा लागतो. तोडणी, कॅरेट, भाडे यांचाही खर्च निघत नसेल तर झाडाला हात न लावलेला बरा, असा साधा हिशेब करून शेतकरी पीक सोडून देतो.

ज्याला पालेभाजी करायचीच आहे त्याने एकर एकदम टाकू नये. पाच-सहा गुंठ्यांचे तुकडे करून दर आठ-दहा दिवसांनी एकेक पेरावा. मेथीला गुंठ्याला पाव किलोच्या थोडे वर बी पुरते. धने पेरण्याआधी रगडून दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवून सावलीत सुकवावेत. आख्खे धने टाकले की उगवण मागेपुढे होते आणि काढणीला जुडी एकसारखी बसत नाही. अशा पेऱ्यात एक तुकडा पडेल भावात सापडला तरी दुसरा चांगल्या भावात निघू शकतो. सगळ्यांनी हे केले तर भाव इतका कोसळणारही नाही, पण सगळे करतील ही आशा आम्ही सोडून दिली आहे.

फळांचे वेगळे. शरदात मराठवाड्याचे खरे फळ सीताफळ. बालाघाटाच्या डोंगररांगेतले, धारूर-अंबाजोगाईकडचे फळ सप्टेंबरअखेरीस सुरू होते, दसरा-दिवाळीच्या मध्ये भरात येते आणि नोव्हेंबरात ओसरते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव झाले, पण फळ टिकत नाही ते नाहीच. तोडल्यावर दोन-चार दिवसांत मऊ पडते. शीतगृहाचा उपयोग नाही, कारण जास्त थंडीत साल काळी पडते आणि आतला गर दगडासारखा राहतो. गर तापवून टिकवावा तर कडवट होतो, म्हणून तो गोठवावाच लागतो आणि तेवढी सोय सगळीकडे नाही. सकाळी जे फळ ऐटीत विकले जाते तेच संध्याकाळी टोपलीसकट मागेल त्या भावात द्यावे लागते, ते यामुळे. संध्याकाळी घेऊन रात्रीच खायचे असेल तर गिऱ्हाईकाचा फायदा आहे. चार दिवस ठेवायचे असेल तर सकाळचे कडक, पण डोळे उघडलेले फळ निवडावे. डोळ्यांच्या फटी रुंदावून त्यात पिवळट-पांढरी झाक आली असली तरच ते घरी पिकते. डोळे मिटलेले, हिरवेगर्द फळ भाव मिळेल म्हणून आधीच तोडलेले असते. त्याला भुशात ठेवा नाहीतर तांदळात, ते काळे पडेल पण पिकणार नाही. फटीत कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. साल ब्रशने पुसली की गराला काही होत नाही. फळ पिकण्याआधी फ्रीजमध्ये कधीच ठेवू नये.

रस्त्याच्या कडेला मोठी, सोनेरी, एकसारखी फळे 'बालाघाटचे सीताफळ' म्हणून विकली जातात. ती बहुतेक वेळा बागेतल्या 'गोल्डन' वाणाची असतात. वाण चांगला आहे, गर जास्त, बिया कमी, टिकतोही जरा जास्त, आणि त्याचा हंगामही डोंगरी फळाच्या मागून येतो. पण डोंगरी फळ लहान, उंच डोळ्यांचे आणि बियांनी भरलेले असते, गोडीला मात्र ते वरचढ. दोघांचे भाव वेगळे असतात. ते एकाच नावाखाली छापले की डोंगरातून फळ वेचून आणणाऱ्या माणसाचे नुकसान होते.

मोसंबीचा आंबे बहार (आंब्याच्या मोहोरावेळचा फुलोरा) जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो आणि त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडली जातात. जालना, अंबड, घनसावंगी, पैठण हा तिचा पट्टा. सप्टेंबरच्या झडीत फळगळ होते. त्याशिवाय रात्री रस शोषणारा पतंग फळाला सुईएवढे छिद्र पाडतो आणि त्याभोवती तपकिरी मऊ चकती पडते. असे गळलेले फळ ढिगात मिसळले जाते, म्हणून दिवाळीआधीची स्वस्त मोसंबी एकेक हातात फिरवून घ्यावी. साल हिरवी म्हणजे फळ कच्चे, असे मात्र मुळीच नाही. पिवळा रंग रात्रीच्या गारव्याने चढतो, रस त्याच्या आधीच भरतो. हाताला जड, साल पातळ आणि गुळगुळीत, हीच पारख. रंगाचा आग्रह धरून गिऱ्हाईक चांगला माल नाकारते आणि त्यामुळे बागायतदाराला पहिल्या तोड्यात भाव मिळत नाही.

बाकीच्या फळांचे थोडक्यात सांगतो. डाळिंबाच्या मृग बहाराची (पावसाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या) फळे नोव्हेंबरपासून येतात. सालीवर तेल्या रोगाचे काळे डाग असले आणि फळ तडकलेले नसले तर दाणे चांगले निघतात, भाव निम्म्यावर येतो, घरात खायला तेच घ्यावे. पेरू दिवाळीनंतरचा, पावसाळ्यातल्या पेरूत फळमाशीच्या अळ्या निघतात. अर्धापूर-वसमतकडच्या केळीला नवरात्रात उपवासामुळे भाव येतो, पुढे तो उतरतो. केळी पिकवायला इथिलीन वायूची परवानगी आहे, कार्बाइडला बंदी आहे. सफरचंद आपले नव्हे, पण हिमाचल-काश्मीरचा ताजा माल सप्टेंबर-ऑक्टोबरात भरपूर येतो, त्यामुळे तेही याच दिवसांत घ्यावे. उन्हाळ्यातले शीतगृहातले असते. वाळूक, शेंदाडे, शिंगाडे, कोवळ्या चिंचा, पुढे बोरे आणि आवळे यांचे भाव कोणत्याच पेपरात येत नाहीत. आठवडी बाजारात बायका ते वाट्यावर विकतात आणि गरिबाच्या पोरांचे फळ तेच असते.

कांदा-लसणाबद्दल एकच गोष्ट. वैजापूर, लासूर स्टेशनला ऑक्टोबरात दोन कांदे एका वेळी येतात. एक चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर छपरात) ठेवलेला उन्हाळी, तोवर कोंब फुटून आणि सडून बराच घटलेला. दुसरा नवा खरीप लाल, जाड मानेचा, पाण्याने भरलेला. उन्हाळी कांद्याचा भाव चढा असतो कारण तो टिकतो. लाल कांदा स्वस्त दिसला म्हणून पोतेभर घेऊ नये, तीन-चार आठवड्यांत मानेपासून सडू लागतो. 'कांदा अमुक रुपये' एवढीच बातमी आली की दोघांचे भाव एकमेकांत मिसळलेले असतात. लसूण मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत महागच समजावा, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुना साठा संपत येतो आणि त्यातलाच मोठा भाग बियाण्याला जातो.

आडतीबद्दलही लिहायला हवे. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि आडत (आडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. तरी पट्टीवर कडता (वजनातली घट), सूट, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च) अशा नावांनी काही ना काही कापलेले दिसते. भावाच्या बातमीसोबत एखादी पट्टी, नाव झाकून, जशीच्या तशी छापली तर वाचकाला एका नजरेत कळेल की भाव किती आणि हातात किती.

आपल्याकडून अपेक्षा अशी. पालेभाजीचा भाव जुडीच्या सरासरी वजनासह द्यावा. एक तराजू आणि दहा जुड्या एवढेच त्याला लागते. कॅरेटचा भाव किलोत बदलून द्यावा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण हे तिन्ही आकडे आवकेसह यावेत आणि मथळा सर्वसाधारण भावाचा असावा. शेजारी त्याच दिवसाचा एका ठरलेल्या किरकोळ बाजाराचा भाव द्यावा. उन्हाळी आणि लाल कांदा, डोंगरी आणि बागेतले सीताफळ वेगळे दाखवावे.

आणि सोमवारच्या अंकात पुढच्या आवकेचा अंदाज द्यावा. तो देणे वाटते तितके अवघड नाही. टोमॅटो, मिरची, कोबीची रोपे आता बहुतेक शेतकरी रोपवाटिकेतून घेतात. टोमॅटोला एकरी साडेपाच-सहा हजार रोपे लागतात. एखाद्या तालुक्यातल्या रोपवाटिकांतून एका आठवड्यात तीन लाख रोपे उचलली गेली, तर पन्नासेक एकर लागवड झाली आणि दोन महिन्यांनी तिचा माल त्याच मंडईत येणार, हे ज्याला कळेल तो आपले पाचशे रुपयांचे बी पिशवीतच ठेवायचे की नाही, याचा विचार करील. आपल्या तालुका वार्ताहराने चार-पाच रोपवाटिकांना आणि दोन बियाणे दुकानांना आठवड्यातून एकदा फोन केला तरी हा तक्ता होतो. सुरुवात घटस्थापनेच्या आठवड्यात करावी, कारण दिवाळीपर्यंत बहुतेकांची लावण उरकलेली असते.

कळावे,
आपले नियमित वाचक,
परभणी